कुत्रा आणि मांजर : वस्तीवरील दोन राखणदार, त्यांचा स्वभाव व निगा

(ओझर, ता. जुन्नर, जि. पुणे येथील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विघ्नहराच्या या गावात मला बोलावणे आले ते ऊस व कांदा पिकातील उंदीर नियंत्रणावर बोलण्यासाठी. तो विषय मी टाळणार नाही, शेवटी त्याकडे येणारच आहे. परंतु मागील हंगामात याच भागात शिवारफेरीला आलो असता उंदरांची माहिती सांगून झाल्यावर तीन प्रश्न लागोपाठ विचारले गेले. घरात मांजर असताना उंदराचे विष कसे ठेवावयाचे? रात्री कुत्रे बांधावे की मोकळे सोडावे? आणि तिसरा प्रश्न एका भगिनीचा होता, की मांजराला रोज दूध-भात घालूनही ते वाळत का जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. बाकीच्या दोहोंना जी उत्तरे दिली ती परतीच्या एस. टी. त माझी मलाच पटेनात. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, पशुवैद्य नाही. म्हणून विद्यापीठात परतल्यावर पशुवैद्यक मित्रांकडे बसलो, थोडे वाचन केले आणि आमच्या स्वतःच्या वस्तीवरचे अनुभव पुन्हा तपासून पाहिले. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

गाय, म्हैस, शेळी यांचा आपण हिशेब ठेवतो. किती दूध, किती पेंड, लस कधी टोचली, सर्व तोंडपाठ असते. कुत्र्या-मांजरांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. उरलेसुरले खातात, कुठेही पडतात, मेले तर दुसरे येते. चंपाषष्ठीला खंडोबाचा म्हणून कुत्र्याला भरीत-रोडग्याचा घास आपण आठवणीने घालतो, परंतु त्याला रेबीजची लस कधी टोचली हे विचारले तर घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आणि दुसरी चूक म्हणजे दोघांना एकाच मापाने मोजणे. हे दोन प्राणी मुळापासून वेगळे आहेत. एकाची निगा दुसऱ्याला लावली की नुकसान ठरलेले.

एक शिकारीतला, एक शेतीतला

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. माणूस अजून शेती करू लागला नव्हता, शिकार व कंदमुळांवर जगत होता, तेव्हापासून तो माणसाबरोबर आहे. किमान चौदा-पंधरा हजार वर्षांची ही सोबत आहे. लांडगा कळपाने राहतो, कळपाने शिकार करतो, कळपातील थोरामोठ्यांची मर्जी पाहतो. कुत्र्याने तो कळप आपल्या घरात शोधला. घरधनी शेतावर निघाला की ते मागे निघते, घरात भांडण झाले तर कोपऱ्यात जाऊन बसते.

मांजराची कथा निराळी. त्याचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. हे एकट्याने शिकार करणारे जनावर. माणूस धान्य पिकवू लागला, साठवू लागला, साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, त्याची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बेटावर रानमांजरे मूळची नव्हती, म्हणजे शेतकऱ्यांनीच ती होडीतून नेली असली पाहिजेत. तेव्हा कुत्रा हा शेतीपेक्षा जुना आणि मांजर हे शेतीचेच लेकरू म्हणावयास हरकत नाही. आम्हा कृषिविद्यावाल्यांना ते जवळचे वाटावे!

याचा व्यवहारात उपयोग काय? समजा आपण गावठाणातील जुने घर सोडून शेतात वस्तीवर राहावयास गेलो. कुत्रे बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे पळत येईल आणि पहिल्याच रात्री नव्या उंबऱ्यावर राखण करील. मांजर पोत्यात घालून नेले तरी दोन दिवसांत जुन्या घराच्या वाटेला लागेल, कारण त्याचे नाते माणसापेक्षा जागेशी अधिक असते. प्रत्येक कोपऱ्याला अंग घासून त्याने आपला वास लावून ठेवलेला असतो. म्हणून नव्या जागी मांजर नेल्यास दोन ते तीन आठवडे एका खोलीत कोंडून ठेवावे, तेथेच खाऊ घालावे, राखेची किंवा मातीची पाटी विष्ठेसाठी द्यावी, मग हळूहळू बाहेर सोडावे. हे न केल्यामुळे किती मांजरे रस्त्यात गाडीखाली जातात, त्याची गणती नाही.

मारण्याच्या बाबतीतही हाच फरक आहे. कुत्र्याला शिस्त लावता येते. पण गुन्हा घडत असतानाच दटावले तर त्याला कळते. सकाळी चप्पल फाडली आणि संध्याकाळी काठी घातली तर त्याला एवढेच समजते की घरधनी संध्याकाळी काठी घालतो. मांजराला तर मारून काहीच शिकवता येत नाही. ते फक्त मारणाऱ्याला टाळावयास शिकते. दूध झाकून ठेवणे हाच उपाय, आणि तो आपल्या आजीला आपल्यापेक्षा चांगला माहीत होता.

दोघांची भाषाही उलटी आहे. कुत्र्याने शेपूट हलवली म्हणजे बहुधा ते खुशीत असते. मांजर शेपूट आपटू लागले तर ते चिडलेले असते, हात मागे घ्यावा. कुत्रे उताणे पडले तर ते शरण आलेले असते. भांडणात मांजर उताणे पडले तर चारही पंजे मोकळे करून लढावयास सज्ज झालेले असते. कुत्र्या-मांजराचे हाडवैर आपण म्हणतो, त्यातील निम्मे वैर या गैरसमजाचे आहे. पिल्लू लहान असतानाच दोघांना एकत्र वाढविले तर एका घोंगडीवर झोपतात. मांजराच्या पिलाचे हे शिकण्याचे वय दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचे व कुत्र्याच्या पिलाचे साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचे असते. या वयात माणसांचा, मुलांचा, गुराढोरांचा सहवास मिळाला नाही तर ते पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे निघते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये.

जातीबद्दल एक शब्द. रस्त्याकडेच्या नव्या बंगल्यांतून लॅब्राडोर, रॉटवायलर अशी कुत्री दिसू लागली आहेत. ज्याची ऐपत व हौस आहे त्याने जरूर पाळावीत, परंतु मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दाट केसांचे कुत्रे साखळीला बांधलेले पाहिले की वाईट वाटते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून ते अंग थंड करते, त्यासाठी सावली व पाणी जवळ लागते. वस्तीसाठी आपले गावठी कुत्रेच उत्तम. चपळ कुत्रे हवे असेल त्याने कारवान जातीचा विचार करावा.

आहार : भाकरी कोणाला पुरते?

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. माणसाबरोबर राहून कुत्र्याच्या शरीरात एक मोठा बदल झाला. लांडग्याच्या तुलनेत त्याच्यात पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती पुष्कळ वाढली आहे, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून भाकरी, भात, वरण यावर कुत्रे तग धरते. त्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा अंडे, मासळीचा किंवा मटणाचा शिजवलेला तुकडा मिळाला तर प्रकृती चांगली राहते. शिजविलेली कोंबडीची हाडे मात्र देऊ नयेत. ती फुटून टोकदार होतात व आतड्यात रुततात.

मांजरात असा बदल झाला नाही. ते आजही पूर्ण मांसाहारी आहे. गाजर किंवा पालेभाजीतील कॅरोटीनपासून आपण जीवनसत्त्व ‘अ’ तयार करतो, मांजराला ते जमत नाही, त्याला ते तयार स्वरूपात मांसातूनच लागते. टॉरिन नावाचे एक द्रव्य फक्त प्राणिज पदार्थांत पुरेसे असते. ते कमी पडले तर मांजराची दृष्टी हळूहळू जाते व हृदय कमकुवत होते. त्याच्या जिभेला गोड चवसुद्धा कळत नाही. दूध ते आवडीने पिते ते त्यातील स्निग्धांशासाठी, परंतु मोठ्या मांजराला दुधातील साखर बहुधा पचत नाही व पातळ हगवण लागते. म्हणजे दूध-भातावर ठेवलेले मांजर हे पोट भरलेले पण उपाशी असते. वाळते ते यामुळे. त्याबरोबर पोटात जंत असतील तर आणखी वाळते. अशा मांजराला रोज थोडी सुकी मासळी (मीठ धुऊन काढलेली), अंडे किंवा कोंबडीचे शिजविलेले काळीज-पेटा द्यावा. काळीज मात्र चवीपुरते, रोज पोटभर नको. माळकरी घरांना हे अवघड जाते याची मला कल्पना आहे. त्यांनी मांजराला निदान उंदरांचा मुबलक पुरवठा असलेल्या जागी, म्हणजे कोठीत व गोठ्यात, मोकळेपणाने फिरू द्यावे.

येथे एक जुनी समजूत दूर केली पाहिजे. मांजराला उपाशी ठेवले म्हणजे ते जास्त उंदीर मारते असे म्हणतात. तसे नाही. मांजराची शिकारीची ओढ व भूक या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही उंदीर दिसला की झडप घालतेच. उपाशी मांजर उंदरांच्या शोधात शेजारच्या वस्तीवर निघून जाते, एवढाच फरक.

आपल्या भागात द्राक्षबागा आहेत, म्हणून बागायतदारांना विशेष सांगतो. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. सर्वच कुत्र्यांना होते असे नाही, परंतु कोणत्या कुत्र्याला होईल हे आधी कळत नाही. छाटणीनंतर किंवा विरळणीनंतर पडलेले मणी व घड ढिगाने बागेबाहेर टाकलेले असतात, ते कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नयेत. कांदा व लसूण हे दोघांनाही बाधतात, कच्चे असोत की शिजवलेले. चाळीतील कांदा कुत्रे आपण होऊन खात नाही, पण रस्सा-भाकरीतून रोज पोटात जातो.

औषधातील चूक

एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझीच होती. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो. आमची मनी नावाची मांजरी दोन दिवस खात नव्हती, अंग गरम लागत होते. मी शिकलेला मुलगा! घरात पॅरासिटामॉलची गोळी होती, तिचा अर्धा तुकडा पूड करून दुधातून पाजला. संध्याकाळपर्यंत तिच्या हिरड्या चॉकलेटी पडल्या, तोंड सुजले, श्वास लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मेली. आई म्हणाली, आजारीच होती. मला खरे कारण पुढे दोन वर्षांनी कळले. पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळी, कधी त्याहून कमीसुद्धा, मांजराचा जीव घेण्यास पुरेशी होते. माणसाच्या तापाची व दुखण्याची कोणतीही गोळी मांजराला देऊ नये, कुत्र्यालाही पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नये.

हीच गोष्ट गोचिडाच्या औषधाची. जनावरांच्या गोचिडांसाठी आपण सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषध फवारतो, उरलेले कुत्र्याच्या अंगावर ओततो, आणि बादलीत थोडे राहिले म्हणून मांजरालाही बुचकळतो. कुत्रे योग्य प्रमाण असेल तर सोसते. मांजर थरथरू लागते, झटके येतात व मरते. शिवाय ते स्वतःचे अंग चाटून साफ करते, त्यामुळे कातडीवर पडलेले सर्व पोटात जाते. गोठ्यात फवारणी केली की जागा वाळेपर्यंत मांजर कोंडून ठेवावे.

पिसाळणे : येथे ढिलाई नको

पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, रेबीज, एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मात्र लुई पाश्चरने १८८५ मध्ये प्रथम माणसाला टोचली, तेव्हापासून आपल्या हाती आहे. एवढे असून खेड्यात अजूनही जखमेवर तिखट, चुना, तंबाखू भरतात. कोणी मांत्रिकाकडे नेतात. हे करू नये. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. विषाणू जखमेतच बराचसा नष्ट होतो. पट्टी घट्ट बांधू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी, आणि सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. दोन इंजेक्शने घेतली, कुत्रे जिवंत दिसले, ऊसतोड सुरू झाली म्हणून तिसरे चुकविले, असे होऊ नये. बंद करावयाचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते, ते मागून घ्यावे.

मांजरानेही रेबीज होतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही. पिसाळलेले कुत्रे रस्त्याने सैरावैरा धावते म्हणून सर्वांना दिसते. पिसाळलेले मांजर कणगीमागे, वैरणीत दडून बसते व जवळ गेलेल्याच्या अंगावर एकदम येते. मांजर चावले म्हणजे काही नाही, ही समजूत घातक आहे. तेथेही साबण, पाणी व लस हाच मार्ग.

कुत्रा व मांजर दोघांना तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस टोचावी, पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दुसरी मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी टोचावी. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो, त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरण शिबिरे होतात. वर्षाची तारीख लक्षात ठेवावयास तो दिवस सोयीचा.

जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी द्यावे. येथे शेळीपालकांचा संबंध येतो. जत्रेत बोकड कापले की फुप्फुस, यकृत यांतील पाण्याचे फोड असलेला टाकाऊ भाग कुत्र्याला टाकतात. त्या फोडांत एका फीतकृमीची अवस्था असते. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी गवतावर व भाजीवर येतात, तेथून शेळ्यांत आणि माणसांतही तसेच फोड होतात. तो भाग खोल पुरावा. मांजराची विष्ठा पेंडीत किंवा वैरणीत गेल्यास शेळ्या-मेंढ्या गाभडण्याचा धोका असतो. पेंडीचे पोते उघडे ठेवू नये, आणि गरोदर बाईने मांजराची विष्ठा हाताळू नये.

रात्री कुत्रे कोठे असावे?

आता ज्या प्रश्नाने मला खरे अस्वस्थ केले त्याकडे येतो.

येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांनी आपल्या भागात पाणी आले व ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. त्यात गारवा, आडोसा व पाणी तिन्ही मिळते. बिबट्याची मादी उसातच विते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आमचा मोत्या ओट्याच्या खांबाला साखळीने बांधलेला असे. एका रात्री एकदाच केकाटला. वडिलांनी बॅटरी घेऊन दार उघडले तेव्हा साखळी ताणलेली होती व पट्टा रिकामा होता. त्या खांबापासून मी व माझी बहीण झोपत होतो ती पडवी हाताच्या अंतरावर होती, फक्त मधे दार. दुसऱ्या दिवशी मला मोत्याचे रडू येत होते. आई मात्र दिवसभर त्या दाराची कडी तपासून पाहत होती. तिला काय दिसले ते मला बाप झाल्यावर कळले.

शेजारच्या अकोले तालुक्यात, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतील अवशेष तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात ८७ टक्के वाटा गावातील प्राण्यांचा निघाला. त्यात सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा आणि त्याखालोखाल १२ टक्के मांजरांचा. शेळ्यांचा केवळ ११ टक्के, आणि तेही शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असताना. याचे कारण साधे दिसते. शेळीची आपल्याला किंमत आहे, म्हणून ती रात्री कुडाच्या आत असते. कुत्रे बाहेर असते.

तेव्हा बांधावे की सोडावे? दोन्ही नाही. बांधलेले कुत्रे पळू शकत नाही. ते ओट्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला आपल्या दाराची वाट दाखविणे होय. मोकळे सोडलेले कुत्रे बिबट्याला पाहून घराकडेच धाव घेते व त्याला मागे आणते. कुत्र्याला रात्री बंदिस्त जागा हवी. आमच्या वस्तीवर आता चार फूट रुंद, सहा फूट लांब व चार फूट उंच अशी खोली केली आहे. तीन बाजूंनी विटांची भिंत, पुढे जाड वेल्डमेश जाळीचे दार, वर पत्रा, आत पोते व पाण्याचे भांडे. वरून झाकणे आवश्यक आहे, बिबट्या भिंत सहज चढतो. दाराला नुसती कडी नको, अडसर असावा. ही खोली झोपण्याच्या जागेपासून थोडी दूर परंतु आवाज ऐकू येईल एवढी जवळ असावी. राखणीत काही कमी पडत नाही. कुत्र्याची राखण त्याच्या नाकात व कानात आहे, दातात नाही. ते जाळीआडून भुंकले की आपण जागे होतो, आणि एवढेच काम त्याच्याकडून हवे असते. मांजरालाही दिवे लागणीनंतर आत घ्यावे. त्यासाठी संध्याकाळचे खाणे आतच घालण्याची सवय लावावी, ते आपण होऊन येते.

रात्री पाणी धरावयास जाताना कुत्रे सोबत नेण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्यावर भिस्त ठेवू नये. वासावरून ते सावध करते हे खरे, पण बिबट्या कुत्र्यासाठी आला तर ते आपल्याच पायांत शिरते. दोघांनी मिळून जावे, बॅटरी व काठी घ्यावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे, बांधावर वाकून किंवा बसून काम करताना अधिक जपावे.

आणि जी कुत्री कोणाचीच नाहीत त्यांचे काय? कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते व सुमारे दोन महिन्यांनी विते. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून धरणाच्या कडेला किंवा हॉटेलांच्या मागे सोडून दिली जातात. भाविकांची वर्दळ असलेल्या गावांत त्यांना खरकटे मिळते, पोल्ट्री असलेल्या शिवारात ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या मिळतात. तीच वाढतात, तीच चावतात, आणि त्यांच्याच मागे बिबट्या गावठाणात येतो. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात, आणि पाळलेल्या कुत्रीचे, मांजरीचे नसबंदीचे ऑपरेशन करून घ्यावे. मोकाट कुत्र्यांसाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी व लसीकरण हाच मार्ग आहे, तो स्थानिक संस्थेने हाती घ्यावयाचा असतो. ग्रामसभेत हा विषय आपण मांडला नाही तर तो कोणी मांडणार नाही.

उंदराचे विष आणि मांजर

शेवटी माझ्या मूळ विषयाकडे. उसात व कांद्यात झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरताना ते भरड धान्य, थोडे गोडेतेल व दोन टक्के औषध असे करतात. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना चटक लावावी. विषारी आमिष कागदाच्या पुडीतून बिळातच घालावे व बीळ बुजवावे. बांधावर उघडे टाकू नये. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. या काळात कुत्रा-मांजर दोघांना घरी ठेवावे. विषबाधा झाल्यास दूध, तूप, तेल पाजू नये, त्याने विष अधिक शोषले जाते. यावर उतारा नाही, तातडीने दवाखाना गाठावा.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचे काम हळू चालते. उंदीर चार-सहा दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि मांजराला अशी आयती शिकार फार आवडते. विष त्याच्याही पोटात साठते, रक्त गोठण्याची क्रिया थांबते. हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, काळी विष्ठा ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाकडे न्यावे. याला जीवनसत्त्व ‘के’ हा उतारा आहे व वेळेत दिल्यास जनावर वाचते. ज्या घरात मांजर आहे त्या घरात व कोठीत मी वड्या सुचवीत नाही. तेथे पिंजरा लावावा, खाली पडलेले धान्य झाडून घ्यावे, दाराखालची फट पत्र्याने बंद करावी, आणि उरलेल्या चिचुंद्र्या-उंदरांचे मांजर पाहून घेईल. घुशीसाठी मात्र मांजरावर विसंबू नये. मोठी घूस अंगावर घेण्यास बरीच मांजरे कचरतात, तेथे बिळे खणणेच भाग आहे.

पहिल्या रांगेतील दादांचा हात केव्हाचा वर आहे. त्यांच्या खोडव्यात पाचट ठेवल्यापासून उंदीर वाढले, असे ते मघाशी सांगत होते. आता त्यांचाच प्रश्न आधी घेऊ.